दुकानात बसणाऱ्याचा कान

अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूर–छत्रपती संभाजीनगर हा जुना मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, तेथे शेलूबाजार वसले आहे. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्याचे हे गाव आपल्या नावातच बाजार वागवते. मंगरूळपीर कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे आहे आणि राज्याच्या दैनंदिन बाजारभाव पत्रकात ‘शेलूबाजार’ ही नोंद सोयाबीनच्या भावापुढे नियमाने वाचावयास मिळते. दि. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हापासून गावाजवळच्या इंटरचेंजमुळे लांब पल्ल्याची वाहतूकही या पेठेच्या दाराशी आली. चौकात उभे राहिल्यास मालमोटारींचे हॉर्न, एसटीच्या वाहकाची हाळी, हमालांचा पुकारा आणि चहाच्या टपरीवरील गाणी हे सारे एकाच वेळी कानी पडते.

अशा पेठेत व्यापार करणाऱ्याचे अर्धे भांडवल त्याच्या कानात असते. लिलावात बोली तोंडी लागते, दर फोनवर ठरतो, आणि ओट्यावर उभा असलेला शेतकरी ‘शेठजी, भाव काय फुटला?’ असे एकदाच विचारतो. पूर्वी पेढीवरील मुनिमाच्या कानावर पेन्सिल असे. आता पुढच्या पिढीच्या कानात रबरी बोंडांचे इअरफोन आहेत. पेन्सिलीमुळे कानाचे दार बंद होत नव्हते. इअरफोनमुळे ते होते, आणि प्रश्न येथूनच सुरू होतो.

हे दृश्य आता कोणत्याही गावाच्या पेठेत दिसते. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक विरळ आहे. चिरंजीव गल्ल्यावर बसून मोबाईलवर काही ऐकत आहेत. बाहेरून कोणी वृद्ध शेतकरी दोनदा हाक मारतो, उत्तर न आल्याने अपमान झाल्यासारखा क्षणभर थबकतो आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. चिरंजीवांना यातले काहीच कळत नाही. वडिलांना मात्र कळते. त्यातून घरात जो वाद होतो तो बहुधा ‘मोबाईल बंद कर’ आणि ‘दिवसभर करू तरी काय’ या दोन टोकांवरच अडतो. वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे आहे. दुकानात दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाला प्रवचन, बातम्या, जुनी गाणी, एखाद्या अभ्यासक्रमाची व्याख्याने अशी काहीतरी संगत हवी असते. तशीच गिऱ्हाइकाची हाक पहिल्या वेळीच ऐकू यायला हवी. या दोन्ही गरजा एकत्र भागवणारी एक जुनी आणि स्वस्त वस्तू उपलब्ध आहे. कानावर किंवा कानाच्या पाळीवर चिमट्यासारखे बसणारे हे हेडफोन बाजारात ‘क्लिप-ऑन’ म्हणून ओळखले जातात.

क्लिप-ऑन या एकाच नावाखाली आज निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, म्हणून खरेदीपूर्वी त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. पहिला प्रकार तारेचा. स्पंजाची गोल गादी कानावर टेकते आणि तिला जोडलेली वाकडी पट्टी चष्म्याच्या काडीसारखी कानामागून जाते. डोक्यावरून जाणारा पट्टा यात नसतो. दुसरा प्रकार गेल्या काही वर्षांतील, बिनतारी. एका टोकाला छोटा ध्वनिक्षेपक, दुसऱ्या टोकाला बॅटरीचा मणी, आणि दोहोंमध्ये लवचीक कमान. ही कमान कानाच्या कडेवर अशी बसते की आजीबाईंना बुगडीची आठवण व्हावी आणि आजोबांना भिकबाळीची. याशिवाय सदऱ्याच्या खिशाला किंवा कॉलरला अडकवायचा बिनतारी ग्राहकयंत्राचा एक छोटा चिमटाही मिळतो. त्यात घरातले कोणतेही जुने तारेचे हेडफोन खोचता येतात. ही तिसरी वस्तू कानावर बसत नाही, पण काटकसरी घरासाठी ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. गालाच्या हाडावर टेकणारे, कंपनाने ऐकवणारे हेडफोन हा मात्र सर्वस्वी वेगळा प्रकार होय. दुकानदार कित्येकदा तेच क्लिपचे म्हणून दाखवतात.

कान उघडा ठेवून ऐकण्याची कल्पना नवी नाही. हेडफोनचा इतिहास १९१० पासून सांगण्याची रीत आहे. त्या वर्षी अमेरिकेतील युटा प्रांतातील नॅथॅनियल बाल्डविन याने स्वयंपाकघरातील टेबलावर जुळवलेले हेडफोन त्या देशाच्या नौदलाने घेतले. १९५८ मध्ये मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी म्हणून स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. १९६८ मध्ये सेनहायझर या जर्मन कंपनीने ‘एचडी ४१४’ काढला. पिवळ्या स्पंजाचा हा हेडफोन कान झाकून न टाकणाऱ्या, ‘उघड्या’ घडणीचा पहिला नमुना मानला जातो. पुढे १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानात विक्रीस आला आणि त्याच्याबरोबर स्पंजाच्या गादीचा हलका हेडफोन जगभर पोचला. आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना काळ्या स्पंजाचे ते हेडफोन आठवत असतील. दुबईहून किंवा मुंबईच्या मनीष मार्केटमधून कोणीतरी आणलेले, आणि वर्षभरात ज्यांच्या स्पंजाचा भुगा झाला असे.

तारेच्या क्लिपचे आजचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॉस कंपनीचा ‘केएससी७५’. १९८४ मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या ‘पोर्टा प्रो’ या हेडफोनचा हा जवळचा नातलग. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे वीस डॉलर असते, आणि त्या किमतीत एवढा स्वच्छ आवाज कसा, याचे आश्चर्य जाणकार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्याच्या खोक्यावरील आकडे येथे मुद्दाम देण्यासारखे आहेत, कारण ते वाचता आले की कोणत्याही हेडफोनचे खोके वाचता येते. रोध ६० ओहम, संवेदनशीलता १०१ डेसिबल, कंप्रता १५ ते २५,००० हर्ट्झ, तारेची लांबी १.२ मीटर.

यांपैकी पहिल्या दोन आकड्यांना अर्थ आहे. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. मोबाईलची विद्युतशक्ती तुटपुंजी असते, त्यामुळे १६ ते ३२ ओहमचे हेडफोन त्यावर सहज वाजतात आणि ६० ओहमच्या हेडफोनला आवाजाची पट्टी थोडी वर न्यावी लागते. संवेदनशीलता हा आकडा ठरावीक शक्ती दिल्यावर किती आवाज निघतो ते सांगतो. तो शंभराच्या आसपास असला की मोबाईलसाठी पुरे. कंप्रतेचा लांबलचक पल्ला मात्र बराचसा शोभेचा असतो. निरोगी तरुण कानास साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते आणि वयपरत्वे वरची मर्यादा खाली येत जाते. तेव्हा साठीच्या गृहस्थाने ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ या छापील शब्दांपायी शंभर रुपये जास्त मोजणे म्हणजे न मिळणाऱ्या मालाची पावती फाडणे होय.

वयाचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण व्यापाऱ्याचा खरा लाभ-तोटा त्यातच दडला आहे. वाढत्या वयात कानाची शक्ती सर्व स्वरांसाठी सारखी कमी होत नाही. उंच कंप्रतेचे आवाज आधी जातात. भाषेतील स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या कंप्रतेचे आणि जोरकस असतात. स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने वरच्या कंप्रतेची आणि क्षीण. म्हणून ज्येष्ठांची नेहमीची तक्रार ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी असते. मराठी संख्यांची घडण या बाबतीत फार निर्दय आहे. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणपन्नास आणि एकोणसाठ हे शब्द आरंभी जुळे आहेत. त्यांतील फरक शेवटच्या व्यंजनांत आहे, आणि पेठेच्या गोंगाटात नेमकी तीच बुडतात. क्विंटलचा दर ठरताना एवढा एक शब्द चुकला तर हेडफोनच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम हातची जाते, आणि मागाहून ‘मी तर त्रेसष्टच म्हणालो होतो’ या वाक्यावर दोन पेढ्यांचे संबंध बिघडतात ते वेगळेच.

म्हणूनच रोजच्या ऐकण्यासाठी हेडफोन निवडताना पहिली परीक्षा शब्दांची असावी. स्वस्त हेडफोन बनवणारे ठोक्याचा, म्हणजे ‘बास’चा, आवाज फुगवून ठेवतात, कारण दुकानात दोन मिनिटे ऐकताना तोच प्रभाव पाडतो. प्रवचन किंवा बातम्या ऐकणाऱ्याला तो फुगवटा अडचणीचा ठरतो. खालच्या आवाजाचा थर वरच्या व्यंजनांना झाकून टाकतो. क्लिप-ऑन प्रकारात ठोका उपजतच कमी असतो. ध्वनिक्षेपकाच्या पडद्यापुढून आणि मागून निघणाऱ्या लाटा एकमेकींच्या उलट असतात. कान बंद नसेल तर खालच्या कंप्रतेच्या लाटा वळून एकमेकींस भेटतात आणि बऱ्याच अंशी विरून जातात. संगीतप्रेमी याला दोष म्हणतात. बोलणे ऐकणाऱ्यासाठी तो बहुतेक वेळा गुणच असतो. ज्यांना ठोका हवाच असेल त्यांनी स्पंजाची गादी बोटाने हलकेच कानावर दाबून पाहावी. ठोका लगेच वाढलेला जाणवेल. केएससी७५ च्या पट्टीत वाकणारी तार असते आणि ती किंचित आत वळवून हाच परिणाम कायमचा साधता येतो. स्वस्त प्रतीच्या कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर हा प्रयोग करू नये, त्या मोडतात.

खरेदीला जाताना मोबाईलमध्ये एखादे ओळखीच्या आवाजातील मराठी व्याख्यान साठवून न्यावे. गाणे नको. गाण्याचे शब्द पाठ असतात, त्यामुळे न ऐकू आलेला शब्दही मन भरून काढते. व्याख्यान मध्यम आवाजावर लावून दुकानाच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून ऐकावे. शब्द सुटे कळतात का, आणि त्याच वेळी दुकानदाराचे बोलणेही कळते का, एवढेच पाहावे. दोन्ही कळले तर ती वस्तू गल्ल्यासाठी योग्य. पुढचा प्रश्न बसण्याचा. कानांची ठेवण माणसागणिक वेगळी असते आणि क्लिपचा सारा भार त्या ठेवणीवर असतो. चष्मा लावणाऱ्याच्या कानामागे आधीच एक काडी बसलेली असते. तिथे मागून जाणारी पट्टी आली की अर्ध्या तासात कान दुखू लागतो. अशांना कडेवर बसणारी बुगडीची घडण सोयीची. उलट, ज्या भगिनींच्या कानात वरच्या बाजूस दागिना आहे त्यांना बुगडीची घडण टोचते आणि मागून जाणारी पट्टी बरी वाटते. मान दोन-तीनदा हलवावी, वाकून खालची वस्तू उचलावी, कमान चिमटे काढत नाही ना हे पाहावे. असे दहा मिनिटे करू देणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडेच घ्यावे, भले पन्नास रुपये अधिक गेले तरी चालतील. ऑनलाइन खरेदीत हीच दहा मिनिटे मिळत नाहीत. स्वतः दुकान चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तारेचा घ्यावा की बिनतारी, हा प्रश्न पुष्कळदा आवडीनिवडीचा मानला जातो. तो हिशेबाचाही आहे. केवळ गणिताच्या सोयीसाठी काही किमती गृहीत धरू. ६०० रुपयांचा तारेचा हेडफोन चार वर्षे चालला, पहिल्या वर्षानंतर दरवर्षी १०० रुपयांचे स्पंज लागले आणि रोज दोन तास ऐकणे झाले, तर एकूण ९०० रुपयांत २,९२० तास होतात. ताशी खर्च सुमारे ३१ पैसे. बिनतारी क्लिप १,५०० रुपयांची घेतली, तर तिच्यातील चिमुकली लिथियम बॅटरी सर्वसाधारणपणे काही शे वेळा भारित झाल्यावर थकू लागते आणि ती बदलण्याची सोय नसते. आयुष्य दोन वर्षे धरले तर १,४६० तास, ताशी एक रुपया तीन पैसे. परदेशातून आलेला २,५०० रुपयांचा चांगला तारेचा हेडफोन सहा वर्षे टिकला आणि त्याच्या स्पंजावर ५०० रुपये खर्च झाले, तरी ताशी खर्च ६८ पैशांच्या आसपासच राहतो. बिनतारी वस्तूचा घसारा जलद असतो, हे या आकड्यांवरून दिसते. त्यामुळे ‘स्वस्त’ हा शब्द केवळ खोक्यावरील किमतीला लावू नये.

तथापि हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. जो माणूस दुकान, गोदाम आणि वजनकाटा यांच्यामध्ये दिवसभर फेऱ्या मारतो त्याची तार कधी पोत्याच्या सुतळीत, कधी दाराच्या कडीत, कधी काट्याच्या साखळीत अडकते. एका झटक्यात चार वर्षांचे आयुष्य संपते. त्याने बिनतारी घ्यावा आणि त्याचा वाढीव खर्च सुखाने सोसावा. बैठ्या कामाच्या माणसाला, घरी दुपारी आडवे होऊन ऐकणाऱ्या ज्येष्ठांना, आणि ज्यांना रोज रात्री आणखी एक वस्तू चार्जिंगला लावण्याचा कंटाळा आहे त्यांना तारेचाच बरा. तारेचा आणखी एक उपयोग आता विस्मरणात चालला आहे. ज्या मोबाईलमध्ये एफएम रेडिओ आहे त्यात हेडफोनची तारच एरियलचे काम करते. आकाशवाणी ऐकायला मग ना इंटरनेट लागते ना डेटा.

अडचण इतकीच की अनेक नव्या मोबाईलना गोल ३.५ मिलिमीटरचे छिद्रच राहिलेले नाही. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ पासून ते काढले आणि हळूहळू इतरांनी तोच मार्ग धरला. त्यासाठी टाइप-सी जोडणीचा लहानसा तुकडा मिळतो. तो घेताना आपला मोबाईल सोबत नेऊन तेथेच वाजवून पाहावा, कारण अशा तुकड्यांत दोन जाती आहेत. एकात ध्वनीचे रूपांतर करणारी चकती असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचा तुकडा काही मोबाईलवर मुळीच वाजत नाही, आणि बाहेरून दोन्ही जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

बिनतारी घेणाऱ्याने ब्लूटूथच्या सांकेतिक नावांनी गांगरून जाऊ नये. एसबीसी ही आवाजाची मूळ पद्धत प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतेच आणि बोलणे ऐकायला ती पुरेशी आहे. त्यापुढील महागड्या पद्धतींचा फरक शांत खोलीत, चांगल्या ध्वनिमुद्रणावर कळेल तर कळेल. चौकातल्या दुकानात नाही. व्यापाऱ्याने त्याऐवजी एकाच वेळी दोन मोबाईलशी जोडणी होते की नाही हे विचारावे. एक घरचा आणि एक धंद्याचा असे दोन फोन आता सर्रास असतात, आणि ही सोय नसेल तर धंद्याचा फोन खणात वाजत राहतो. दुसरी चौकशी ध्वनिग्राहकाची. हेडफोन कानावर ठेवून दुकानाबाहेरून घरी फोन लावावा आणि पलीकडच्या माणसाला पाच-सहा संख्या सांगून त्या परत म्हणावयास लावाव्यात. त्रेपन्नचे त्रेसष्ट झाले तर खोके परत द्यावे.

खोके उघडण्यापूर्वी वाचणे ही सवय आपल्या समाजास नवीन नाही, मात्र ती धान्य-मसाल्यापुरती राहिली आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादक अथवा आयातदाराचे नाव-पत्ता, आयात मालावर मूळ देश, निर्मितीचा महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. बिनतारी हेडफोनसाठी भारतीय मानक ब्यूरोकडील नोंदणी सक्तीची आहे. मानकचिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. पाटीवरच्या ढिगातून शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या मालावर बहुधा यातले काहीच नसते, आणि नामांकित कंपनीच्या नावातील एखादे अक्षर बदललेला मालही त्याच ढिगात असतो. पक्के बिल घ्यावे, हे व्यापाऱ्यांना सांगणे थोडे विनोदी वाटेल. पण स्वतःच्या गिऱ्हाइकाला बिल देणारे आपले लोक स्वतः गिऱ्हाईक झाले की ‘राहू द्या हो, बिल कशाला’ म्हणतात. हमीचा दावा त्या कागदाशिवाय उभा राहत नाही. दाद मागण्याची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

आता कानाच्या तब्येतीविषयी. क्लिप-ऑन घेतला म्हणजे कान सुरक्षित झाले, असा समज पसरवला जातो. तो अर्धाच खरा आहे. कानाची नळी मोकळी राहते, तिथे घाम कोंडत नाही, मळ आत ढकलला जात नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या दमट पावसाळ्यात रबरी बोंडांनी कानात खाज आणि बुरशी धरण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांना हा फरक आठवडाभरात जाणवेल. परंतु मोकळ्या कानात बाहेरचा गोंगाटही तसाच येतो, आणि त्यावर मात करण्यासाठी माणूस नकळत आवाज वाढवतो. डाळमिलच्या खोलीत, जनरेटरशेजारी किंवा महामार्गाच्या कडेला क्लिप-ऑन वापरणे म्हणजे गोंगाटात गोंगाट मिसळणे. तिथे हेडफोन काढून ठेवणे हेच योग्य. यंत्राजवळ रोज काम करणाऱ्यांना तर कान झाकणारी संरक्षक साधने द्यायला हवीत, आणि ती देणे हे गिरणीमालकाचे काम आहे.

किती आवाजाने किती वेळ ऐकावे, याचे मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्यास ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. यातील गणित व्याजासारखे चढत जाणारे आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुभा निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला आठवड्यास अवघे अडीच तास. मोबाईलच्या पट्टीवरील टक्के म्हणजे डेसिबल नव्हेत, त्यामुळे घरगुती खूण अशी ठेवावी की हातभर अंतरावरील माणसाचे साधे बोलणे हेडफोन लावलेला असताना समजले पाहिजे. उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेरही झिरपतो. शेजारच्या माणसाला शब्द कळू लागले तर आवाज जास्त आहे. शिवाय उधारी-वसुलीचे बोलणे असेल तर ते शेजाऱ्याला कळणे बरेही नव्हे. ज्यांच्या घरी नित्य सामायिक होते त्यांच्या कानांना दिवसातून अठ्ठेचाळीस मिनिटे तरी यंत्राविना मिळतात. कानाच्या आतील सूक्ष्म पेशींना अशा विसाव्याची गरज असतेच. मोटारसायकलवर कोणताही हेडफोन लावू नये. उघडा कान चौकातल्या हाकेपुरता ठीक आहे, समृद्धीच्या इंटरचेंजकडून वळणाऱ्या मालमोटारीपुरता नाही.

एक चूक फार घरांत होते. आजोबांना कमी ऐकू येते म्हणून मुले प्रेमाने मोठ्या आवाजाचे हेडफोन आणून देतात. हेडफोन सर्वच स्वर सारखे वाढवतो. श्रवणयंत्र मात्र कानाच्या तपासणीतून निघालेल्या आलेखानुसार, जे स्वर गेले आहेत तेच वाढवते. टीव्हीचा आवाज वरचेवर वाढवावा लागत असेल, किंवा दुकानात समोरच्याला ‘काय म्हणालात?’ असे पुन्हापुन्हा विचारावे लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. मुंबईला वांद्रे येथे याच कामासाठी अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. चष्मा लागला तर कोणी लपवत नाही. श्रवणयंत्राविषयीचा संकोच मात्र व्यापारी घरांत अजूनही आहे, आणि तो दर ऐकण्यात होणाऱ्या चुकांनी दरवर्षी आपले व्याज वसूल करतो.

घरात हेडफोन आल्यावर त्याची निगा फारशी नसते. स्पंज महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि मगच बसवावा. ओला स्पंज ध्वनिक्षेपकाला मारक. घरातील प्रत्येकाने आपला स्पंज वेगळा ठेवणे बरे. तार बोटांभोवती करकचून गुंडाळू नये, सैल वेटोळे करून खिळ्याला टांगावी. उन्हाळ्यात बिनतारी क्लिप बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या गोदामात सोडू नये, उष्णतेने बॅटरी लवकर जाते. आयुष्य संपलेली क्लिप घरच्या कचऱ्यात किंवा दुकानामागच्या शेकोटीत जाता कामा नये, कारण लिथियमची बॅटरी पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गावात संकलनाची सोय नसेल तर अशा वस्तू एका डब्यात साठवून अकोल्याच्या पुढच्या फेरीला सोबत न्याव्यात.

राहता राहिले पितापुत्रांचे भांडण. चिरंजीवांसाठी क्लिप-ऑन आणल्यावर पहिले काही दिवस वडिलांची शंका जात नाही; कानावर काहीतरी दिसते म्हणजे लक्ष नाही, असेच त्यांना वाटते. गिऱ्हाइकालाही तसेच वाटते, आणि त्याला ध्वनिशास्त्र समजावून सांगता येत नाही. म्हणून कोणी पायरी चढले की कानावरचे यंत्र काढून गल्ल्याच्या कोपऱ्यात ठेवावे, ऐकू येत असले तरीही. फोनवरील दराचे मात्र जुन्या मुनिमांचे वळण उचलावे. ते संख्या ऐकली की ती अंकांत फोडून उलट म्हणत, ‘पाच-तीन, त्रेपन्न ना?’ आणि पलीकडून होकार आल्यावरच कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहीत.